हे काम माझं आहे का? नव्याने रजिस्ट्रेशन झालेल्या सिस्टरसाठी

आमच्या वॉर्डात नव्याने लागलेली एक एएनएम (दोन वर्षांचा नर्सिंग कोर्स केलेली) मुलगी मागे एकदा सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, असलेल्या पेशंटच्या उशाशी नुसती उभी होती. हातात भरलेली सिरिंज, चेहरा पांढराफटक. मला बघून म्हणाली, "मॅडम, सीनियर सिस्टरनी औषध भरून दिलंय, देऊन टाक म्हणाल्या. पण मी हे कधी केलेलं नाही. आणि यात काय भरलंय तेही मला माहीत नाही." मी सिरिंज घेतली, टाकून दिली आणि तिला म्हटलं, "थांबलीस ते अगदी बरोबर केलंस."

तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या मनानेच ओढून धरलं होतं. पण दर वेळी मनावर सोडून चालत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी झालेली, पुण्यात सव्वीस वर्षं काम करते आहे. सुरुवातीला पेठेतलं एक छोटं नर्सिंग होम, मग मोठी हॉस्पिटलं, मधली तीन वर्षं नर्सिंग ब्युरोमार्फत घरच्या केसेस (पेशंटच्या घरी जाऊन सेवा). आता वॉर्ड इन्चार्ज आहे आणि नवीन मुलामुलींना तयार करायचं काम माझ्याकडे आहे.

आधी तुमचा कागद नीट वाचा. दोन वर्षांचं एएनएम झालेल्यांची नोंद ऑक्झिलिअरी नर्स-मिडवाइफ म्हणून होते. तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलेल्यांची रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ म्हणून. महाराष्ट्रात ही नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली. निकाल लागला म्हणजे नोंद झाली असं नाही. नंबर हातात येईपर्यंत 'स्टाफ नर्स' म्हणून सही करू नका, मालक कितीही घाई करोत. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पेशंटच्या दृष्टीने पांढरा ड्रेस घातलेली प्रत्येक जण सिस्टरच असते, त्यामुळे आपली नोंद कुठली आहे हे आपल्यालाच ठाऊक असायला हवं.

अमेरिकेत आपल्या एएनएमच्या जवळची एक पायरी आहे, लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. तिने काय करायचं हे तिथल्या प्रत्येक राज्याचा नर्सिंग कायदा आणि तिथलं नर्सिंग बोर्ड ठरवतं, आणि राज्य बदललं की नियमही बदलतात. आपल्याकडे खाजगी हॉस्पिटलातल्या एएनएमच्या हाती अशी तयार यादी कुणी देत नाही. म्हणून मी मुलींना चार प्रश्न घोकायला लावते. माझ्या नोंदणीत हे बसतं का? मला हे कुणी हाताला धरून शिकवलंय का? इथल्या नियमात आणि केसपेपरवर हे लिहिलंय का? आणि आत्ता, या क्षणी, या पेशंटची तब्येत त्यासाठी बरी आहे का? चारांपैकी एकाचं उत्तर 'नाही' आलं तर हात मागे.

तिसरा प्रश्न मुलींना अवघड जातो, कारण जागा बदलली की त्याचं उत्तर बदलतं. मुळशी किंवा भोरच्या डोंगरातल्या उपकेंद्रात एएनएमसमोर गरोदर बाई आली, बीपी वाढलेलं, झटके येताहेत, डॉक्टर तासभर लांब. स्किल्ड बर्थ अटेंडंटचं (सुरक्षित बाळंतपणाचं) एकवीस दिवसांचं ट्रेनिंग झालेल्या एएनएमला अशा वेळी झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देण्याची सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये परवानगी आहे. पन्नास टक्क्यांचं औषध, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत, आणि लगेच १०८ ला फोन. तीच मुलगी उद्या कर्वे रोडवरच्या हॉस्पिटलात नोकरीला लागली, तर तिला स्वतःच्या निर्णयाने तेच इंजेक्शन देता येणार नाही. तिचं शिक्षण कमी झालेलं नसतं. इथे डॉक्टर वरच्या मजल्यावर आहेत आणि निर्णय त्यांचा आहे. म्हणून "मी आधीच्या ठिकाणी हे करत होते" एवढं सांगणं पुरेसं नाही.

आता फोनवरच्या ऑर्डरबद्दल. इथे मी स्वतः चुकलेली आहे.

नोंदणी होऊन चार महिने झाले होते. नाइट ड्युटी, अकरा पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. रात्री दोनच्या सुमाराला एका आजोबांना धाप लागली, पायांना सूज होतीच. डॉक्टर घरी. मी फोन केला. ते झोपेतून म्हणाले, "लॅसिक्स दोन दे," आणि फोन ठेवला. लॅसिक्स म्हणजे लघवी वाढवून अंगातलं साठलेलं पाणी उतरवणारं औषध. मी दोन अँप्युल दिली. आमच्याकडचं अँप्युल २ एमएलचं, त्यात २० मिलिग्रॅम. म्हणजे ४० मिलिग्रॅम गेलं. पहाटे आजोबांचं बीपी ९० वर आलं, उठून बसले की चक्कर. डॉक्टर सकाळी आले आणि म्हणाले, "मी दोन सीसी म्हणालो होतो. म्हणजे एकच अँप्युल." केसपेपरवर त्या ऑर्डरची एक ओळ नव्हती. होतं ते फक्त माझं अक्षर: 'इंज. लॅसिक्स २ दिले, रात्री २.१०.' आजोबा दुपारपर्यंत सावरले. मी मात्र कित्येक दिवस धड झोपले नाही.

४० मिलिग्रॅम हा काही भलता डोस नव्हे, कित्येक पेशंटना तो देतात. माझी चूक अशी, की 'दोन' म्हणजे काय हे मी विचारलं नाही. डॉक्टर चिडतील याची भीती वाटली. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. फोनवर ऑर्डर आली की आधी पेशंटचं नाव आणि बेड नंबर मी सांगते. मग औषध, डोस मिलिग्रॅममध्ये, शिरेतून की स्नायूतून, एकदाच की पुन्हा, हे सगळं मी मोठ्याने वाचून दाखवते: "सर, बेड सात, लॅसिक्स वीस मिलिग्रॅम आयव्ही, एकदाच, बरोबर?" ते 'हो' म्हणेपर्यंत फोन ठेवत नाही. दुसरी सिस्टर असेल तर तिलाही ऐकायला लावते. वेळ आणि डॉक्टरांचं नाव तिथल्या तिथे लिहिते आणि सकाळच्या राउंडला पहिलं काम म्हणून त्या ओळीवर सही घेते. पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांच्या बाबतीत तर दोघींनी तपासल्याशिवाय सिरिंजला हात नाही. पोटॅशियमचं अँप्युल थेट शिरेत कधीही नाही. भरपूर सलाईनमध्ये मिसळून, हळू, तेही लेखी ऑर्डर असेल तरच. ते थेट गेलं तर हृदय थांबतं आणि मग करण्यासारखं फार थोडं उरतं.

पुण्यात नव्या मुलींना पहिलं काम बऱ्याचदा घरच्या केसचं मिळतं. मुलं परदेशी, घरात आजी-आजोबा दोघंच, ब्युरोची सिस्टर बारा तास. इथे इन्चार्ज नाही, आरएमओ (हॉस्पिटलातच राहणारे ड्युटी डॉक्टर) नाहीत, म्हणून कक्षा सगळ्यात जास्त इथेच सुटते.

कोथरूडच्या एका घरी मी गेले तेव्हा आजोबांची साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. डॉक्टरांनी इन्सुलिन १४ युनिटवरून २० वर नेलं होतं. मी जायच्या आदल्या दिवशी सूनबाईंनी नवीन सिरिंज आणल्या होत्या, लाल टोपणाच्या. संध्याकाळी २० युनिट दिले, चार्टवर होते तेवढेच. पहाटे आजोबा घामाने भिजलेले, बोलणं तुटक, साखर ५२. गिळता येत होतं, म्हणून अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८१ झाली. मग कचऱ्याच्या डब्यातल्या जुन्या सिरिंज काढून बघितल्या. सगळ्या नारिंगी टोपणाच्या.

बाटली ४० ची होती, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या इन्सुलिनची. तिच्यावर २० च्या खुणेपर्यंत भरलं की ४० च्या बाटलीतून जातात फक्त ८ युनिट. आधीच्या बाई आठवडाभर निम्म्याहून कमी डोस देत होत्या, साखर उतरत नव्हती म्हणून डॉक्टर डोस वाढवत गेले, आणि योग्य सिरिंज आली त्या रात्री खरे २० युनिट पोटात गेले. मीही सिरिंज बदलल्याचं संध्याकाळी विचारलं नव्हतं. आता कुठल्याही घरी गेले की पहिल्या दिवशी बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून बघते.

त्या पहाटे साखर पाजणं, पुन्हा तपासणं, डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत सकाळचा डोस रोखून धरणं, हे सगळं माझं काम होतं. रोखणं हेही आपलंच काम आहे, बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. चार्टवर लिहिलंय म्हणून ५२ साखरेवर इन्सुलिन देणारी सिस्टर ऑर्डर पाळत नसते, पेशंटला धोक्यात घालत असते. पण आजोबांचा मुलगा न्यू जर्सीहून फोनवर म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला एवढा अनुभव आहे, तुम्हीच बारा-चौदा असं अ‍ॅडजस्ट करा ना, डॉक्टरांना कशाला उठवायचं?" तिथे मी नाही म्हटलं. आकडा मला अंदाजे माहीत होता, तरी ठरवणं माझ्याकडे नव्हतं. डॉक्टरांना साडेपाचला उठवलं. ते अजिबात रागावले नाहीत.

घरच्या केसमध्ये पहिल्याच दिवशी एका वहीत लिहून घ्या: कोणते डॉक्टर, त्यांचा नंबर, ते नसतील तर कोण, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, कोणती औषधं कोणत्या चिठ्ठीवर. अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन घरी नाही. सलाईन 'जरा अशक्तपणा वाटतोय' म्हणून नाही. शेजारच्या काकू बी-१२ चं इंजेक्शन घेऊन आल्या तरी चिठ्ठी बघितल्याशिवाय नाही, आणि रिअ‍ॅक्शन आली तर द्यायला अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी नसेल तर चिठ्ठी असूनही नाही. त्यांना म्हणा, "काकू, तुमच्या डॉक्टरांकडेच घ्या, मी सोबत येते." मी खरंच जाते.

आणि एक प्रसंग प्रत्येकीवर येतो. पहाटे आजोबांचा श्वास थांबतो, आजी विचारतात, "गेले का हो?" मृत्यू घोषित करणं आपल्या अधिकारात नाही. नाडी बघा, वेळ लिहा, प्राण वाचवायचे प्रयत्न करू नयेत असं आधी डॉक्टरांशी ठरलेलं नसेल तर सीपीआर सुरू करा, १०८ ला आणि डॉक्टरांना फोन करा. "आजी, डॉक्टर येताहेत, ते बघून सांगतील," एवढंच बोला. वैकुंठ स्मशानभूमीत नेण्याआधी डॉक्टरांचा दाखला लागतोच, तो आपण देऊ शकत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत आजींजवळ बसायला मात्र कुणाची ऑर्डर लागत नाही.

बाकीच्या काही गोष्टी थोडक्यात. गर्भपाताच्या गोळ्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत, पात्र डॉक्टरच देऊ शकतात. मैत्रीण कितीही रडली तरी तिला डॉक्टरकडे न्या. ऑपरेशनचे धोके समजावणं डॉक्टरांचं काम, आपण सहीचे साक्षीदार. पेशंट सही करताना म्हणाला, "मला काही कळलं नाही," तर पेन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना परत बोलवा. भूल देणं नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर औषध लिहिणं नाही, ते स्वतः सांगत असले तरी नाही.

"पण सरांनीच सांगितलं होतं" हे म्हणून सुटका होत नाही. सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्याचा निकाल मी प्रत्येक बॅचला सांगते. टायफॉइडसाठी दाखल केलेल्या एका लहान मुलाला नर्सने क्लोरोक्विनचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मुलाचं हृदय बंद पडलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पात्र नव्हती, आणि ज्या डॉक्टरांनी इंजेक्शन स्वतः द्यायचं त्यांनी ते तिच्यावर सोडलं होतं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख भरपाईचा आदेश कायम राहिला. मी हे सांगते तेव्हा वर्गात कुणी बोलत नाही. त्या मुलाचं वय, त्याची आई, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं.

नाही म्हणायचं कसं, हे मुली सगळ्यात जास्त विचारतात. नुसतं 'मला येत नाही' म्हणून निघून जाऊ नका, पेशंट तिथेच राहतो. "सर, हे मी केलेलं नाही. तुम्ही करा, मी शेजारी उभी राहून हात देते," असं म्हणा. किंवा "तुम्ही उभे राहा, मी तुमच्यासमोर करते." बरेच डॉक्टर हे ऐकतात. ऐकलं नाही तर इन्चार्जना, मग मेट्रनना फोन करा आणि नर्सेस नोट्समध्ये साधी वाक्यं लिहा: कुणाला किती वाजता कळवलं, काय उत्तर मिळालं. कुणाला दोष देणारं काही लिहू नका. शिकून घ्यायची तयारीही दाखवा. आज जे काम 'नाही' आहे ते सहा महिन्यांनी, कुणीतरी दहा वेळा समोर उभं राहून करवून घेतल्यावर, तुमचं होऊ शकतं. आमच्या त्या सेंट्रल लाइनवाल्या मुलीला आम्ही ते काम अजून दिलेलं नाही. सध्या ती लाइनची जागा बघते, ताप आणि लाली नोंदवते, आणि दोनदा लाली तिनेच आधी पकडली.

नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी इन्चार्जना पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं वहीत उतरवून घ्या. माझ्या नोंदणीच्या नर्सने इथे कुठली इंजेक्शनं द्यायची नाहीत? फोनवरच्या ऑर्डरचा इथला नियम काय, सही किती तासांत? रात्री डॉक्टर कुठे असतात, किती मिनिटांत येतात? क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) कुठे आहे, आणि त्याची किल्ली कुणाकडे? मी अडले तर पहिला फोन कुणाला? किल्लीचा प्रश्न विसरू नका. एका रात्री ती आम्हाला सापडली नव्हती.