सलाइनच्या जागेवर कोणतं ड्रेसिंग?
शक्यतो पारदर्शक ड्रेसिंग घ्यावं. पट्टी न उचलता खालची लाली, सूज, पू लगेच दिसतो, आणि हा फायदा फार मोठा आहे. पण जागेतून रक्त पाझरत असेल किंवा रुग्णाला दरदरून घाम येत असेल, तर गॉजच (जाळीदार सुती कापडाची घडी) बरा. तो ओल शोषून घेतो. सेंट्रल लाइनवरचा, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीवरचा, गॉज दर 2 दिवसांनी, पारदर्शक ड्रेसिंग जास्तीत जास्त 7 दिवसांनी बदलतात. मात्र कडा सुटली, आत ओल दिसली, की तारीख बघत बसू नका, नर्सला लगेच सांगा. सुटलेल्या कडेवर वरून चिकटपट्टी मारणं तर नकोच. मोठ्यांच्या सेंट्रल लाइनसाठी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेलं ड्रेसिंग मिळेल का, हे जरूर विचारा. अकाली जन्मलेल्या बाळांच्या नाजूक त्वचेला मात्र त्याने इजा होऊ शकते. नवं ड्रेसिंग लावण्याआधी त्वचेवरचं जंतुनाशक पूर्ण वाळू द्यावं, फुंकर न मारता.