क्षारपड रानात भात लावण्यापूर्वी चर काढा

वाळवा, मिरज आणि पलूस तालुक्यांतील कृष्णाकाठच्या काळ्या रानांत उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्यामुळे भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. अशा रानात भात घ्यायचा असेल, तर आधी माती तपासून घ्यावी. सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेले, सोडियम 15 टक्क्यांच्या वर असल्यास ती जमीन चोपण समजावी व अहवालात सांगितलेल्या मात्रेने जिप्सम वरच्या चार बोटे मातीत मिसळावे. जमीन नुसती खारवट असेल, म्हणजे विरघळणारे क्षार जास्त पण सोडियम या मर्यादेच्या आत असेल, तर जिप्समवर पैसा घालवू नये. पावसाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात वाळलेले ढेकूळ अलगद सोडले आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले, तर चोपणाची शंका घ्यावी.

खरी कसोटी खार धुण्यात आहे. ‘भात पाण्याचेच पीक, खाचर भरून ठेवा, खार आपोआप जाईल’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. विरघळलेला क्षार पाण्याबरोबर रानाबाहेर गेला, तरच तो गेला. वाट नसेल, तर तेच पाणी भूजलात भर घालते आणि उघडीप पडताच जमिनीवर पुन्हा पांढरा थर दिसू लागतो. म्हणून उताराच्या बाजूने तीन-चार फूट खोल चर काढून तो ओढ्याला जोडावा. शेजाऱ्याच्या बांधाशी सोडून देऊ नये. त्यानंतर बांध घालून दहा-पंधरा दिवस गोडे पाणी साठवावे, ते मुरू द्यावे आणि उरलेले वरून काढून टाकावे. चिखलणी, म्हणजे पाण्यात माती कालवून चिखल करणे, मात्र धुणे पूर्ण झाल्यावरच करावी, कारण चिखलणीने काळ्या मातीची छिद्रे बुजतात आणि क्षार खाली जाण्याची वाटच बंद होते. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर त्याने खार धुण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2, 3 यांसारख्या क्षार सोसणाऱ्या जातींचे बियाणे घ्यावे व रोपवाटिका चांगल्या जमिनीत करावी. कोवळे रोप खारीत करपते. त्यामुळे 30 ते 35 दिवसांची रोपे, एका चुडात (एका जागी) तीन-चार, जवळजवळ लावावीत. एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्यावे.

लावणीनंतर खाचर भेगाळू देऊ नये आणि साचलेले पाणी अधूनमधून बदलावे. पानांचे शेंडे पांढरे पडून वाळू लागले, तर युरिया टाकण्याची घाई न करता प्रथम पाणी बदलावे. पोटरीपासून (लोंबी पानाच्या आवरणात असल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत पीक क्षाराला पुन्हा नाजूक होते. त्या काळासाठी गोड्या पाण्याची सोय राखून ठेवावी.