सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाच दुखायची: कोणत्या मालिशने थांबली

अंबड एमआयडीसीत दिवसभर सिमेंटच्या कोब्यावर उभं राहून काम. लक्षण असं: सकाळी पलंगावरून उतरताच टाचेच्या खाली, आतल्या बाजूला सणकून कळ. थोडं चाललं की कमी, बसून उठलं की परत. नाशिकच्या थंडीत तर फरशीवर पाय टेकवणं नकोसं व्हायचं.

बाम, मिठाचं गरम पाणी, मऊ चपला, गोळ्या, सगळं तेवढ्यापुरतं. जीव मेटाकुटीला आला होता.

फिजिओथेरपिस्टने कारण सांगितलं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा, प्लांटर फॅसिया, रात्रीतून आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून मालिश उतरण्याआधी करायची.

पलंगावर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पाचही बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात तारेसारखा ताठ पट्टा हाताला लागेल. दहा अंक मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा. मग बोटं ओढलेलीच ठेवून अंगठ्याने त्या पट्ट्यावर आडवं चोळा, टाचेकडून पुढे, दोन-तीन मिनिटं. तिळाचं तेल थेंबभरच, जास्त झालं तर अंगठा घसरतो. शेवटी पोटरी, घोट्याकडून गुडघ्याकडे. ही टाळू नकाच, आखडलेली पोटरी टाचेला वर खेचते. मगच उभे राहा.

गुण हळूहळू येतो, काही आठवडे धरून चाला. मधुमेह असेल, टाच सुजली असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.