विमानातल्या सुरक्षा सूचना: ऐकायचं काय आणि हातानं तपासायचं काय

चिकलठाण्याहून, म्हणजे औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विमानतळावरून मुंबईला असो की नांदेडहून आणखी कुठे, विमानातला क्रू हातात बेल्ट धरून उभा राहिला की निम्मं विमान मोबाइलमध्ये डोकं घालतं. ‘विमान पडल्यावर बेल्ट काय करणार?’ हा त्यामागचा विचार. तो चूक आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून उडणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं आणि थोडं पुढे जाऊन कोसळलं. त्यातल्या ११८ जणांपैकी ५५ गेले, ६३ वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९८३ ते २००० या काळातले तिथल्या प्रवासी विमानांचे अपघात तपासले, तेव्हा त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त लोक वाचल्याचं दिसलं. विमान आदळल्यावरही बहुतेक जण जिवंत असतात; त्यानंतर खरी भीती धुराची.

पण सूचना नुसत्या कानावर पडून उपयोग नाही. क्रू जे दाखवतो ते आपल्या सीटवर तिथल्या तिथे करून बघायचं.

सगळ्यात आधी दारं. आपल्या सीटपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजा आणि आकडे लक्षात ठेवा: पुढे नऊ, मागे सहा, असे. धुरात हात समोर धरला तरी दिसत नाही. तेव्हा सीटच्या पाठी हातानं चाचपत, मोजत जावं लागतं. दोन्ही बाजू मोजायच्या, कारण एका बाजूला आग असू शकते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या एअरबस ए३५० च्या आठ दारांपैकी तीनच वापरता आली, तरी आतले ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले.

दारं सगळ्या विमानांत सारखी नसतात, म्हणून ‘मला माहीत आहे’ हे इथे चालत नाही. एअरबस ए३२० मध्ये पुढे दोन आणि मागे दोन दारं, शिवाय पंखांवर दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या उघडतात. एम्ब्रेअर १७५ या लहान जेट विमानात पंखावर उघडणारी खिडकी नाही, जे आहे ते दोन टोकांना. एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानात आपण मागून चढतो, त्यामुळे पुढे बसलेल्याला वाटतं की दार लांब राहिलं. प्रत्यक्षात आणीबाणीत उघडायच्या खिडक्या त्याच्याच जवळ, केबिनच्या पुढच्या भागात असतात. पुढच्या खिशातल्या कार्डावर हे चित्रात आहे. सूचना हिंदी-इंग्रजीत भरभर बोलल्या जातात. कार्ड बघायला भाषा लागत नाही.

बेल्ट दोनदा लावून, दोनदा सोडून बघा. पोरखेळ वाटेल. पण गाडीच्या बेल्टला बटण दाबायचं असतं आणि विमानातल्या बेल्टची झडप वर उचलायची असते. घाबरलेला माणूस सवयीनं कमरेपाशी बटण शोधत बसतो. बेल्ट पोटावर नको, ओटीपोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवर घट्ट हवा. गरोदर बाईनं तर हे नक्कीच पाळावं. साडी असेल तर पदर खोचून घ्या, बेल्टच्या कडीत अडकू देऊ नका. बेल्टचा दिवा विझला तरी बेल्ट सैलसर लावलेलाच ठेवा, कारण काही हादरे न सांगता येतात.

वरून खाली पडणाऱ्या ऑक्सिजन मास्कच्या बाबतीत लोक तीन चुका करतात. पहिली, आधी मुलाला लावायला जातात. ३५,००० फुटांवर केबिनमधली हवा निघून गेली तर शुद्ध जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकते. तुम्हीच बेशुद्ध पडलात तर मुलाला लावणार कोण? दुसरी, मास्क खाली ओढत नाहीत. तो झटक्यानं ओढला की मगच ऑक्सिजन सुरू होतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, किंचित जळका वास आला तरी मास्क काढू नका. तिसरी, फक्त तोंडावर लावतात आणि नाक उघडं राहतं. २०१८ मध्ये अमेरिकेत एका विमानाचं इंजिन फुटलं, तेव्हा प्रवाशांनी काढलेल्या फोटोंत हे स्पष्ट दिसलं होतं. हा ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांच्या आसपास उतरवतो. एटीआर कमी उंचीवरून उडतं आणि त्यात असे मास्क सहसा नसतातच, तेव्हा सूचनेत तो भाग आला नाही म्हणजे क्रू विसरला असं नाही.

लाइफ जॅकेट सीटखाली हात घालून आहे का ते चाचपा, काढू मात्र नका. चिकलठाण्याच्या विमानात त्याचं काय काम, असं वाटणं साहजिक आहे. पण मुंबईहून पश्चिमेला उडालेलं विमान लगेच समुद्रावर असतं. जॅकेट दाराबाहेर पाऊल टाकतानाच फुगवायचं. १९९६ मध्ये कोमोरोसजवळ समुद्रात उतरलेल्या इथिओपियन विमानात अनेकांनी ते आतच फुगवलं. पाणी आत भरलं तसे ते छताला टेकले आणि दारापर्यंत बुडी मारून जाता येईना.

टेकऑफ-लँडिंगच्या वेळी खिडकीचा पडदा उघडा ठेवायला सांगतात तो बाहेरची आग दिसावी म्हणून. रात्री दिवे मंद करतात, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. सीट सरळ आणि ट्रे बंद, मागच्याची वाट अडू नये म्हणून. या दोन वेळी चप्पल-बूट पायातच असू द्या आणि झोपू नका.

‘ब्रेस’ (धक्क्याला तयार व्हा) असा आवाज आला तर पाय जमिनीला पक्के टेकून थोडे मागे घ्या, कपाळ पुढच्या सीटला टेकवा आणि हात डोक्यावर धरा.

बाहेर पडताना बॅग घ्यायची नाही. लॅपटॉप नाही, दागिन्यांचा डबा नाही, काहीच नाही. निम्मी दारं बंद ठेवून ९० सेकंदांत सगळं विमान रिकामं होतं, हे दाखवल्याशिवाय विमानाच्या रचनेला मान्यता मिळत नाही. पण त्या चाचणीत कुणी वरच्या कप्प्यातून बॅग ओढत नसतं. पासपोर्ट, औषधं आणि फोन आधीच अंगावरच्या खिशात ठेवा. दाराबाहेर फुगणाऱ्या घसरगुंडीपाशी बसून उतरायला गेलात तर मागे गर्दी तुंबते. हात छातीशी घेऊन उडी टाकायची. उंच टाचा काढून टाका, त्या घसरगुंडी फाडतात. धूर असेल तर वाकून चाला, नाकावर ओला रुमाल किंवा उपरणं धरा. रांगू नका, तुडवले जाल.

इमर्जन्सी खिडकीपाशी सीट मिळाली तर पाय पसरायला जागा मिळते, पण कामही येतं. ए३२० ची ती खिडकी सुमारे १५ किलोची असते. आधी काचेतून बाहेर बघा, आग असेल तर उघडू नका. उघडली तर ती बाहेर फेकून द्या, आत ठेवली तर वाटेतच पडते. हे झेपणार नसेल तर बसतानाच क्रूला सांगा, ते सीट बदलून देतात.

हजला किंवा यात्रेला पहिल्यांदाच निघालेले आई-वडील सोबत असतील तर बेल्ट आणि मास्कचं घरीच समजावून सांगा. गुडघेदुखी असेल, ऐकू कमी येत असेल, तर चढतानाच क्रूला कळवा. ते सीटपाशी येऊन वेगळं समजावतात आणि कुठल्या दारानं न्यायचं ते आधी ठरवतात.