स्टॉकहोमच्या चार दिवसांची तयारी: आधी दुपारचे जेवण, मग बाकीचे

स्टॉकहोमच्या सहलीची आखणी बहुतेक जण हॉटेल आणि प्रेक्षणीय स्थळे यांपासून सुरू करतात. ती दुपारच्या जेवणापासून सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. हे शहर महाग आहे आणि संध्याकाळी बाहेर जेवणे तर फारच महाग. पण कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन या वेळात असंख्य उपाहारगृहांत ‘दागेन्स रेट्ट’, म्हणजे त्या दिवसाचे ठरलेले जेवण मिळते. त्यात एक मुख्य पदार्थ, हवे तेवढे सॅलड, पाव-लोणी आणि शेवटी कॉफी असे सारे एकाच दरात येते आणि तो दर दीडशे स्वीडिश क्रोनरच्या आसपास असतो. ही सोय शनिवार-रविवारी सहसा नसते. दुसरीकडे, नॅशनलमुसेउम आणि मोडेर्ना मुसेत ही दोन मोठी संग्रहालये सोमवारी बंद असतात. म्हणून हाताशी चारच दिवस असतील, तर मंगळवार ते शुक्रवार असे धरावेत आणि विमानाची तिकिटे त्यानुसार पाहावीत.

त्याआधी ऋतू ठरवावा. जूनच्या मध्यात सूर्य पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. डिसेंबरच्या मध्यात तो पावणेनऊला दिसतो आणि दुपारी तीनच्या आत जातो. मे अखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ पहिल्यांदा जाणाऱ्याला सर्वात सोयीचा आहे. मात्र १९ ते २५ जून या दिवसांत जो शुक्रवार येतो, तो ‘मिडसोम्मार’ सणाचा दिवस असतो. त्या दिवशी शहरातील माणसे गावाकडे आणि बेटांवर निघून जातात, दुकाने व उपाहारगृहे मोठ्या प्रमाणात बंद राहतात, तेव्हा तो शुक्रवार आपल्या चार दिवसांत येत नाही ना, हे पाहून घ्यावे. हिवाळ्यात जायचे असेल, तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा. अंधार लवकर पडतो हे खरे, पण खिडकीखिडकीत दिवे असतात आणि १३ डिसेंबरच्या लुसिया सणाच्या निमित्ताने केशर घातलेले पिवळेधमक ‘लुस्सेकत्त’ पाव सगळीकडे मिळतात.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो; पंधरा दिवसांवर विसंबू नये, सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोऱ्या पानांचा असावा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत लागू असणारा घ्यावा. सहलीत कोपनहेगन किंवा हेलसिंकीही असेल, तर ज्या देशात मुख्य मुक्काम आहे, त्याच देशाकडे अर्ज करावा.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात: स्वीडनचे चलन क्रोना (अनेकवचनी क्रोनर) आहे, युरो नव्हे, आणि रोख रक्कम जवळजवळ निरुपयोगी आहे. अनेक दुकाने आणि कॅफे नोटा घेतच नाहीत, बसमध्येही रोख चालत नाही. दोन वेगवेगळ्या बँकांची आंतरराष्ट्रीय कार्डे जवळ ठेवावीत, परदेशी व्यवहार आणि स्पर्शविरहित देयक या दोन्ही सोयी निघण्यापूर्वीच सुरू करून घ्याव्यात. मेट्रोच्या दारावर हेच कार्ड टेकवले की ७५ मिनिटांचे तिकीट निघते आणि त्यात मेट्रो, बस, ट्राम व शहरातील काही बोटीही येतात. कुटुंबातील प्रत्येक प्रौढाने आपापले कार्ड वापरावे. दिवसभर फिरायचे असेल, तर ‘एसएल’ या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या अ‍ॅपवर २४ किंवा ७२ तासांचा पास आधीच घेऊन ठेवावा.

सामानात जाड एकच कोट नेण्याऐवजी एकावर एक घालता येतील असे तीन थर, वारा अडवणारे जाकीट आणि चांगल्या तळव्याचे बूट असावेत, कारण जुन्या शहरातील रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत आणि पायपीट पुष्कळ होते. जूनमध्ये झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी लागतेच. पाण्याची रिकामी बाटली न्यावी. नळाचे पाणी उत्तम असते आणि जेवणासोबत विनामूल्य मिळते.

आता खाण्याविषयी, कारण यादीतला हाच भाग मराठी प्रवासी घाईने उरकतात आणि नंतर पोळ्या-लोणच्याच्या डब्यावर दिवस काढतात. जे काही खात नाही, ते आधी स्पष्ट ठरवावे. प्रसिद्ध ‘शोटबुल्लार’, म्हणजे मांसाचे गोळे, हे सामान्यतः गोमांस आणि डुकराचे मांस एकत्र करून बनवतात. गुरुवारी अनेक ठिकाणी मिळणारे पिवळ्या वाटाण्याचे ‘एर्टसोप्पा’ दिसायला आपल्या आमटीसारखे साधे आणि शाकाहारी वाटते, पण त्यात परंपरेने डुकराचे मांस असते. त्यानंतर येणारे जॅम लावलेले पॅनकेक मात्र शाकाहारी माणसाने निःशंक खावेत, अर्थात अंडे चालत असेल तर. वाढणाऱ्याला इंग्रजीत सरळ विचारावे. तेथे असे विचारणे कोणाला खटकत नाही, पदार्थातील घटक नीट सांगितले जातात. तरीही किराणा दुकानातील पाकिटांवर स्वीडिशच छापलेले असते, म्हणून डुकराचे मांस, गोमांस, अंडी आणि जिलेटिन यांचे स्वीडिश शब्द मूळ लिपीत फोनमध्ये टिपून न्यावेत.

मांसाहारी वाचकांनी निदान एक जेवण सदेर्माल्म बेटावरील ‘पेलिकान’ या जुन्या, उंच छताच्या भोजनगृहात घ्यावे: शोटबुल्लार, मलईदार रस्सा, लिंगोन नावाची आंबट लाल फळे आणि दाबून मुरवलेली काकडी असे ताट समोर येते आणि या चार चवी एकत्र घ्यायच्या असतात, वेगवेगळ्या नव्हेत. मासे खाणाऱ्यांसाठी स्लुसेन परिसरातील तळलेल्या हेरिंगची गाडी हा शहरातील उत्तम आणि स्वस्त पर्याय आहे. ताजा, राय या धान्याच्या पिठात घोळवून तळलेला मासा, कुरकुरीत पावावर किंवा कुस्करलेल्या बटाट्यासोबत. कोकणातला वाचक तो खाऊन मिठाशिवाय काही मागणार नाही, असे मला मनापासून वाटते. एस्टरमाल्मचा १८८८ सालचा विटांचा बाजार पाहायला सुंदर आहे, पण तेथे बसून जेवणे खर्चिक. पाहावे, कोळंबीचा एखादा उघडा सँडविच दोघांत घ्यावा आणि पुढे निघावे. शाकाहारी मंडळींनी युरगोर्देन बेटावरील रोसेंदाल बागेतील कॅफे यादीत वरच्या स्थानी ठेवावा, कारण तेथील भाज्या बागेतच पिकतात आणि पाव तेथेच भाजला जातो. हिवाळ्यात जाण्याआधी तो उघडा आहे का, हे पाहावे. याखेरीज फलाफलची दुकाने शहरभर आहेत आणि ती पोटभर खायला घालतात.

दुपारी तीनच्या सुमारास ‘फीका’साठी अर्धा तास राखून ठेवावा, तो प्रेक्षणीय स्थळातून कापावा लागला तरी चालेल. कॉफी आणि गोड पाव घेऊन निवांत बसण्याची ही पद्धत येथे कार्यालयांतही पाळली जाते. १९२८ पासून चालू असलेल्या ‘वेते-कत्तेन’ या कॅफेमध्ये एकामागून एक खोल्या आहेत; आतल्या खोलीत जागा धरावी. वेलची भरडून घातलेला ‘कार्देमुम्माबुल्ले’ मागवावा. दालचिनीच्या पावाच्या पिठातही वेलचीच असते आणि तिचे जाडसर कण दाताखाली येतात. श्रीखंड-बासुंदीत वेलची पूड म्हणून विरघळून गेलेली पाहणाऱ्याला तिची ही जाडीभरडी तऱ्हा आवर्जून चाखण्यासारखी आहे. जानेवारी ते ईस्टर या काळात ‘सेम्ला’ मिळतो: वेलचीचा पाव, आत बदामाचे सारण आणि वर फेटलेली साय.

पाहण्याची यादी बेटांप्रमाणे लावावी, कारण शहर चौदा बेटांवर वसलेले आहे आणि रोज एक-दोन बेटे घेतली की धावपळ होत नाही. पहिला दिवस युरगोर्देनला द्यावा. स्लुसेनहून बोटीने जावे; वर सांगितलेले तिकीट तिला चालते. सकाळी दार उघडताच ‘वासा’ संग्रहालयात शिरावे. राजा गुस्ताव दुसरा अदोल्फ याने बांधवून घेतलेली ही ६४ तोफांची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, किनाऱ्यापासून दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याच्या झोताने कलली, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरले आणि ती बुडाली. तिचा वरचा भाग फार जड आणि तळ अरुंद होता. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून तिच्या स्थैर्याची चाचणी घेतली होती. नौका इतकी डोलू लागली की चाचणी थांबवावी लागली, आणि तरीही तिला पाठवले. बाल्टिक समुद्राचे पाणी मचूळ असल्याने लाकूड पोखरणारा किडा तेथे जगत नाही, म्हणून १९६१ मध्ये वर काढली तेव्हा ती जवळजवळ संपूर्ण होती. आत उजेड मंद आणि हवा थंड ठेवलेली असते. जाकीट अंगावरच राहू द्यावे, आणि खालून वरपर्यंत प्रत्येक मजल्यावरून नौका पाहावी, विशेषतः मागच्या बाजूचे सिंहांचे आणि राजचिन्हांचे कोरीव काम. किमान दोन तास हवेत. उरलेला दिवस स्कानसेनमध्ये जाईल. १८९१ मध्ये उघडलेल्या या खुल्या संग्रहालयात स्वीडनभरातून आणलेली जुनी घरे, शेतवाड्या आणि कार्यशाळा आहेत, आणि लहान मुले सोबत असतील तर उत्तरेकडील प्राणीही आहेत.

दुसऱ्या दिवशी गामला स्तान, म्हणजे जुने शहर. स्तूरतोर्येत चौकातील नोबेल संग्रहालयाच्या उपाहारगृहात बसल्यावर खुर्ची उलटी करून पाहावी. पुरस्कारविजेते तेथील खुर्च्यांच्या खाली स्वाक्षरी करतात. तेथून चालत नगरभवनाकडे जावे. ते १९२३ मध्ये पूर्ण झाले. आत केवळ मार्गदर्शकासोबत जाता येते, म्हणून फेरीची वेळ आधी पाहून ठेवावी. नोबेलची मेजवानी जेथे होते, त्या ‘निळ्या’ दालनाच्या भिंती लाल विटांच्याच आहेत. रंग देण्याआधी वास्तुकार रांगनार एस्तबेर्ग याला त्या तशाच आवडल्या. पुरस्कार मात्र दिले जातात हेत्तोर्येत चौकातील संगीतगृहात. मुंबईत जन्मलेल्या आणि मराठी आईच्या पोटच्या अर्थतज्ज्ञ अभिजित विनायक बॅनर्जी यांनी २०१९ मध्ये धोतर नेसून पुरस्कार स्वीकारला तो येथेच. त्याच चौकात सकाळी फळे-फुलांचा बाजार भरतो आणि शेजारच्या इमारतीच्या तळघरात खाद्यपदार्थांचा बाजार आहे, तेव्हा दुपारचे जेवण येथे जमते.

तिसरा दिवस हवामानावर सोडावा. ऊन असेल तर वाक्सहोल्मची बोट धरावी आणि द्वीपसमूहाची चव घ्यावी. पाऊस असेल तर नॅशनलमुसेउम आणि त्यानंतर मेट्रोची स्थानके. शंभरपैकी नव्वदहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत आणि त्या पाहायला एकच तिकीट पुरते: टी-सेंट्रालेनच्या खडकावर रंगवलेल्या निळ्या वेली, स्तादियोनचे इंद्रधनुष्य, सोल्ना सेंट्रुमचे लालभडक आकाश. संध्याकाळी सदेर्माल्मच्या कड्यावरील मोंतेलियुसवेगेन या पायवाटेवर जावे. समोर पाणी, नगरभवन आणि जुने शहर एकाच नजरेत येते. रात्रीसाठी किराणा दुकानातून पाव, चीज आणि सूप न्यावे. वाइन हवी असेल तर ती सरकारी दुकानातच मिळते आणि ते रविवारी बंद असते.

शेवटच्या दिवशी सामान हॉटेलात ठेवून नॅशनलमुसेउम किंवा मोडेर्ना मुसेत यांपैकी राहिलेले पाहावे आणि अकरा वाजताच जेवून घ्यावे. विमानतळ अर्लांडा शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर दूर आहे. जलद गाडी वीस मिनिटांत नेते पण महाग, उपनगरी गाडी सुमारे दुप्पट वेळ घेते आणि तिला विमानतळ स्थानकाचे जादा शुल्क पडते, बस सर्वात स्वस्त पण रहदारीवर अवलंबून. निघण्यापूर्वी चार दिवसांत साठलेल्या पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे किराणा दुकानातील यंत्रात टाकून त्यांवरील अनामत परत घ्यावी. त्या पावतीवर भरडलेल्या वेलचीचे किंवा कुरकुरीत पावाचे पाकीट येऊ शकते.