दहा-बारा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवताना

गोव्यात मैदानावाचून सराव सहसा अडत नाही. पावसाळी भाताची कापणी झाली की पेडणे, डिचोली, सत्तरीकडची वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक) न केलेली शेतं मुलांचीच होतात. अडतं ते चेंडूंवाचून. वीस मुलं, दोन चेंडू आणि खुणेच्या शंकूंसमोर लांब रांगा असल्या की तासाभरात एकेकाच्या पायाला चेंडू जेमतेम दोन-चार मिनिटं लागतो. आठ ते बारा या वयात चेंडूवर पाय बसतो तो केवळ पुन्हापुन्हा स्पर्श होऊन. म्हणून दोघांत एक चेंडू हवाच, प्रत्येकी एक असला तर उत्तम. वर्गणी काढायचीच तर जर्सीच्या आधी चेंडूंसाठी काढा.

चेंडू चार नंबरचा घ्या: घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. मोठ्यांचा पाच नंबरचा दिला की लहान मुलं तो बोटांच्या टोकाने ढकलतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. हवा इतकीच भरा की अंगठ्याने जोरात दाबल्यावर चेंडू किंचित दबेल.

शेतात उतरण्याआधी स्वतः एक फेरी मारा. धसकटांवर पडलं की गुडघा सोलतो, वाळलेल्या मातीच्या भेगेत पाय गेला की घोटा मुरगळतो. आखणी मेरेपासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, निदान तीन मीटर आत ठेवा. लाल मुरमाच्या मैदानावर आखूड रबरी स्टडचे बूट बरे.

सराव सव्वा तासाचा पुरे. पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकाने आपापला चेंडू घेऊन चौकोनात फिरायचं: दोन्ही पाय, तळवा, आतली बाजू, बाहेरची बाजू. त्यानंतरची वीस मिनिटं एकास एक. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद अशा तीन पट्ट्या आखा, म्हणजे बारा मुलांत कुणालाच फार वेळ ताटकळावं लागत नाही. बचाव करणाऱ्याने पास द्यायचा आणि लगेच पुढे धावायचं. समोरच्याने त्याला चकवून पलीकडच्या रेषेवर चेंडू थांबवला की एक गुण. इथे बहुतेक मुलं अगदी अंगाला भिडल्यावर हूल देतात, मग चेंडू आयताच समोरच्याच्या पायात जातो. हूल दीड-दोन मीटरवरून द्यायची आणि लगेच वेग वाढवायचा. वेग वाढला नाही तर सुंदर हूलही फुकट. बचाव करणारा उडी घेऊन चुकतो. त्याला सांगा: हातभर अंतरावर वेग कमी कर, गुडघे वाकव, आडवा उभा राहा आणि वाट बघ.

सर्वात कमी शिकवली जाते ती चेंडू घेण्याची कला. तीन मुलं एका ओळीत उभी करा, टोकाच्या दोघांत १६ मीटर अंतर. पहिल्याने मधल्याला पास द्यायचा, मधल्याने वळून तिसऱ्याला. मधला मुलगा हमखास तिसऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, चेंडू तळव्याखाली दाबतो, मग वळतो. तोवर सामन्यात कुणीतरी चेंडू काढून नेलेला असतो. त्याने पास येण्याआधी खांद्यावरून मागे बघायला हवं, अंग तिरपं ठेवायला हवं आणि चेंडू अंगासमोरून जाऊ देऊन पलीकडच्या पायाने तिसऱ्याच्या दिशेनेच पहिला स्पर्श करायला हवा. मुलं मागे बघितल्याचं नुसतं नाटक करतात. म्हणून तिसऱ्याला बोटं वर करायला लावा आणि चेंडू पायाशी पोचण्याआधी मधल्याला आकडा ओरडायला सांगा. जमू लागलं की मधल्याच्या मागे एक बचावपटू ठेवा. तो चिकटला तर चेंडू आल्या वाटेने परत, नाही तर वळायचं. हा निर्णय घ्यावा लागला नाही तर ती नुसती कवायत होते. याला पंधरा मिनिटं द्या.

शेवटची वीस मिनिटं चारास चार, ३० बाय २० मीटर, गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही. सगळे चेंडूभोवती गोळा झाले तर ‘पसरा, पसरा’ ओरडून काही होत नाही. प्रत्येक टोकाला दोन कोपऱ्यांत दोन छोटे गोल मांडा. एका बाजूला गर्दी झाली की दुसरा गोल मोकळा दिसतो आणि मुलं आपसूक पसरतात.

हेडिंग या वयात नकोच. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते बंद केलं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात साडेचारच्या आधी सुरुवात करू नका. दर वीस मिनिटांनी थांबून प्रत्येकाला साधारण १५० मिलिलिटर पाणी द्या, तहान लागली नसली तरी. गडगडाट ऐकू आला की मुलांना पक्क्या छपराखाली न्या, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं उलटेपर्यंत मैदानात उतरवू नका.

सामन्याच्या दिवशी मेरेवरून पालक ‘मार रे, मार!’ ओरडतात आणि नुकताच वळायला शिकलेला मुलगा चेंडू लांब भिरकावून देतो. त्यांना आधीच विनंती करा: टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, सूचना नकोत. प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळू द्या. भारताचे माजी गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या गोव्यात गोलकीपर व्हायची हौस असलेली मुलं भेटतातच, तरीही बारा वर्षांपर्यंत ती जागा फिरती ठेवा. कोण किती मिनिटं खेळलं आणि गोलात कोण उभं राहिलं हे वहीत लिहा, म्हणजे पुढच्या सामन्याला वाद होत नाही.