वजन कमी करताना मधल्या वेळी भूक लागते? या चुका टाळा

पाच वाजता हात डब्यात गेला की बोल जिभेला लावला जातो. पण ती भूक बऱ्याचदा दुपारच्या ताटातून आलेली असते. वजन उतरवायचं म्हणून भात बंद, पोळ्या तीनाच्या दोन, सोबत बटाट्याची भाजी आणि पळीभर पातळ आमटी. यात प्रथिनं नावालाच, चोथाही कमी. तीन तासांत पोटात खड्डा पडणारच.

म्हणून दुरुस्ती दुपारपासून करा. पोळ्या दोनच ठेवा, पण मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ घ्या. माणशी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य धरलं की साधारण ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. जोडीला वाटीभर दही आणि काकडी-गाजराची कोशिंबीर. आठवडाभर एवढंच करा. मधल्या वेळच्या खाण्यात तोवर काही बदल करू नका.

‘कमी तेलातला आहे’ म्हणून चिवडा मोकळ्या हाताने खाणं

इथे हिशोब करून बघण्यासारखा आहे. अर्धा किलो पातळ पोहे, १०० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम डाळं, ५० ग्रॅम सुकं खोबरं आणि फोडणीला अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १२० मिली तेल. अशा चिवड्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४७० कॅलरी येतात. तेच तेल तीन मोठ्या चमच्यांवर आणलं तरी आकडा ४३० च्या आसपासच राहतो, कारण पोहे, दाणे आणि खोबरं तेवढंच असतं. तेल जरूर कमी करा, पण खरा फरक पडतो तो मापाने. आपल्या घरातली कोणती वाटी ३० ग्रॅम चिवड्याने भरते ते वजनकाट्यावर एकदा बघून ठेवा. वाटीत काढा, डबा फडताळात ठेवा, मगच खायला बसा.

त्याहून बरा उपाय म्हणजे अर्ध्याच चिवड्यात कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर घालून लिंबू पिळणं. बशी भरलेली दिसते आणि चावायलाही वेळ लागतो. मात्र कालवल्याबरोबर खा, पाच मिनिटांत पोहे मऊ पडतात.

‘पौष्टिक’ पदार्थाला माप नसणं

३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी. चांगले आहेत, पण टीव्हीसमोर तीन मुठी कधी गेल्या ते कळत नाही. तेवढ्याच फुटाण्यांत सुमारे ११० कॅलरी असतात. ते सालासकट खावे लागतात, कोरडे असल्याने आपोआप सावकाश खाल्ले जातात आणि वर पाणी पोटात जातं. फुटाणे आणि एक पेरू ही आमच्या मते संध्याकाळची सगळ्यात भरवशाची जोडी. मखाण्यांचं सध्या फार कौतुक आहे. २० ग्रॅम मखाणे ७० कॅलरींचे, पण ते दोन चहाचे चमचे तुपावर परतले की तुपाच्याच ९० होतात. कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, मीठ-मिरपूड लावण्यापुरतं पाव चमचा तूप पुरतं.

चहा हिशोबात न धरणं

दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे साखरेच्याच जवळपास १२० कॅलरी. त्यात बुडवायला चार मारी बिस्किटं, आणखी शंभरेक. पोट मात्र भरत नाही, कारण बिस्किट म्हणजे मुख्यतः मैदा आणि साखर. साखर एकदम तोडू नका, दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करत जा. बिस्किटांऐवजी उकडलेलं अंडं, नाहीतर चहाआधी पेलाभर ताक. खारी आणि टोस्टचं तर विचारूच नका.

एवढं करूनही भूक जात नसेल तर

आधी ती भूक आहे की नुसतं तोंड चाळवायचंय ते बघा. साधी पोळी-भाजी समोर आली तर खाल का? हो असेल तर खरोखर भूक आहे, खा. फक्त शेव किंवा गोडच हवं असेल तर पाणी प्या, जागेवरून उठा आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

सात वाजता जेवून बारापर्यंत जागत असाल तर रात्री भूक लागणं साहजिकच आहे. एकतर जेवण आठला न्या, नाहीतर झोपण्याआधी बिनसाखरेचं कपभर दूध ठरवूनच घ्या. रोजच कळवळून भूक लागत असेल तर खाणं गरजेपेक्षा जास्त कापलंय, दुपारची एक पोळी परत वाढवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मधलं खाणं बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यात साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर ती नुसती भूक समजून दाबू नका, लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या.